१८ महिने, १७ हप्ते: ‘बिनव्याजी’ टीव्हीवर १,०३९ डॉलर व्याज कसं लागलं

न्यू जर्सीत एडिसनला राहणारं एक मराठी जोडपं. भारतातून येऊन दोन वर्षं झालेली, दोघांना नोकरी, घर भाड्याचं. २४ नोव्हेंबर २०२३ च्या ब्लॅक फ्रायडेला त्यांनी ७७ इंची टीव्ही घेतला २,६०० डॉलरचा आणि साउंडबार ४०० चा. राज्याचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे १९८.७५. एकूण ३,१९८.७५ डॉलर. दुकानाचं क्रेडिट कार्ड काउंटरवरच मंजूर झालं, मर्यादा ३,५०० डॉलर. पावतीवर छापून आलं: १८ महिन्यांत पूर्ण रक्कम फेडल्यास व्याज नाही.

त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही, एकही दिवस उशीर केला नाही. तरी जून २०२५ च्या स्टेटमेंटवर सुमारे १,०३९ डॉलर व्याज लागलं. योजनेची मुदत संपली तेव्हा मूळ रकमेतले जेमतेम १७७ डॉलर ६८ सेंट उरले होते.

(प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. वार-तारखा कॅलेंडरप्रमाणे खऱ्या आहेत, व्याजदर २९.९९ टक्के धरला आहे आणि व्याज रोजच्या चक्रवाढीने मोजलं आहे. अमेरिकेत दुकानांच्या कार्डांचे दर सर्रास ३० च्या आसपास किंवा वर असतात, त्यामुळे आकडे फुगवलेले नाहीत.)

व्याज माफ नव्हतं, टांगणीला होतं

या योजनेचं इंग्रजी नाव डिफर्ड इंटरेस्ट. मराठीत नेमकं सांगायचं तर टांगणीला ठेवलेलं व्याज. खरेदीच्या दिवसापासून ते रोज मोजलं जातं, फक्त खात्यावर चढवलं जात नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाकी शून्य असेल तर साठलेलं सगळं व्याज पुसलं जातं. एक डॉलर जरी उरला तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं खात्यावर येतं. उरलेल्या एका डॉलरवरचं नाही, गेल्या दीड वर्षात जेव्हा जेव्हा जेवढी बाकी होती त्या सगळ्या बाकीवरचं.

या खात्यात पहिल्या महिन्यात व्याज दिवसाला २ डॉलर ६३ सेंटने साठत होतं. पहिल्या वर्षाच्या शेवटी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, साठा ८१० डॉलरच्या आसपास पोचला होता. उरलेल्या सहा महिन्यांत भर पडली ती जेमतेम २३० ची. बाकी मोठी असते तेव्हाच व्याज जोरात साठतं, म्हणून बहुतेक साठा आधीच्या महिन्यांतच तयार होतो. शेवटी बाकी थोडीच राहिली आहे म्हणून निर्धास्त होणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

साध्या शून्य टक्क्याच्या कार्डाशी ताडून पाहा. तिथे मुदत संपल्यावर व्याज सुरू होतं ते त्या दिवशीच्या बाकीवर आणि त्या दिवसापासून. हेच १७७.६८ डॉलर तिथे महिनाभर राहिले असते तर व्याज झालं असतं ४ डॉलर ४४ सेंट. एकीकडे ४.४४, दुसरीकडे १,०३९. जाहिरातीत मात्र दोन्हीकडे ठळक अक्षरांत ‘व्याज नाही’ असंच असतं. ओळखायची खूण म्हणजे ‘पूर्ण रक्कम फेडल्यास’ हे शब्द. अमेरिकेच्या रेग्युलेशन झेडप्रमाणे, म्हणजे कर्ज आणि क्रेडिट कार्डांच्या अटी ग्राहकाला कशा सांगायच्या याच्या नियमांप्रमाणे, डिफर्ड इंटरेस्टच्या जाहिरातीत ही अट ‘व्याज नाही’च्या अगदी जवळ छापावी लागते. अट दिसली की योजना टांगणीची आहे असं समजायचं. खऱ्या शून्य टक्क्याला तिची गरजच नसते.

चूक नेमकी कुठे झाली

भागाकारात. ३,१९८.७५ भागिले १८ म्हणजे १७७.७१. त्यांनी ऑटोपेवर, म्हणजे खात्यातून दरमहा आपोआप पैसे जाण्याच्या सोयीवर, ही ठरावीक रक्कम लावली आणि विषय डोक्यातून काढून टाकला. हिशेब सरळ दिसतो, पण त्यात दोन तारखांची गल्लत आहे.

या कार्डाचं स्टेटमेंट दर महिन्याच्या ३ तारखेला निघायचं आणि पैसे भरायची शेवटची तारीख २८. खरेदी २४ नोव्हेंबरची, म्हणजे पहिलं स्टेटमेंट ३ डिसेंबरला आणि पहिला भरणा २८ डिसेंबर २०२३ ला. योजनेची मुदत मात्र खरेदीच्या तारखेपासून मोजलेली, त्यामुळे ती संपणार २४ मे २०२५ ला. आता २८ तारखा मोजा: २०२३ मधली एक, २०२४ मधल्या बारा, २०२५ मध्ये जानेवारी ते एप्रिल चार. झाल्या सतरा. अठरावी २८ तारीख, २८ मे, मुदत संपल्यावर चार दिवसांनी येते. १८ महिन्यांच्या मुदतीत हप्ते बसले सतराच.

३ मे २०२५ चं स्टेटमेंट उघडलं असतं तर दुसऱ्या पानावरच्या चौकटीत हे दिसलं असतं:

खरेदीची तारीख २४-११-२०२३ | योजनेतली बाकी १७७.६८ | साठलेलं व्याज १,०१८ | मुदत संपण्याची तारीख २४-०५-२०२५

आणि पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात: भरायची किमान रक्कम ४० डॉलर, शेवटची तारीख २८ मे. दोन तारखा एकाच कागदावर, आणि ठळक आहे ती आपल्याला न तारणारी. मुदत संपायची तारीख प्रत्येक स्टेटमेंटवर दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि कार्ड देणाऱ्या बँकेने ती दाखवली होती. पण २८ तारीख पाळली की झालं, हेच माणसाच्या डोक्यात बसलेलं असतं.

त्यातही २४ मे हा शनिवार होता आणि सोमवारी २६ ला मेमोरियल डेची सुट्टी. शुक्रवारी रात्री लक्षात आलं असतं तरी पैसे कुठून पाठवले यावर सगळं ठरलं असतं. कार्डाच्या स्वतःच्या साइटवरून भरलेले पैसे बहुधा त्याच दिवसाचे धरले जातात, तेही कट-ऑफच्या, म्हणजे त्या दिवसासाठी ठरलेल्या वेळेच्या, आत भरले तर. आपल्या बँकेच्या बिल-पेमधून पाठवले तर दोन-तीन कामाचे दिवस सहज जातात, आणि काही वेळा बँक चक्क कागदी चेक टपालात टाकते.

‘हप्ता’ नावाचा गैरसमज

आपल्याकडून गेलेल्या माणसाची इथे चूक होण्याचं आणखी एक कारण आहे. भारतात नो-कॉस्ट ईएमआय घेतला की बँक रक्कम ठरवते, महिने ठरवते आणि ते हप्ते भरले की कर्ज संपतं. तिथेही फुकट काहीच नसतं. सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर ६०,००० रुपयांचा टीव्ही घ्या. बँकेचा दर १५ टक्के असेल तर व्याजाचे साधारण २,५४० रुपये दुकान सुरुवातीला सूट म्हणून देतं आणि बँक तेच व्याज म्हणून घेते. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५७ रुपये, ग्राहकाच्या माथी पडतो. १९९ रुपये प्रोसेसिंग फी धरली तर जीएसटीसह आणखी २३५. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं, ते याच कारणासाठी. पण हे जवळपास सातशे रुपये पहिल्या दिवशीच कळतात. हप्ता चुकला तर दंड लागतो, उरलेल्या रकमेवर व्याज लागतं, पण फिटलेल्या रकमेवरचं व्याज मागे जाऊन कोणी वसूल करत नाही.

अमेरिकेतल्या दुकानाच्या कार्डावर ‘हप्ता’ नसतोच. असते ती किमान रक्कम, आणि तिचा योजनेच्या मुदतीशी काही संबंध नसतो. या खात्यात किमान रक्कम ४० डॉलर होती. सतरा महिने तेवढीच भरली असती तर ६८० डॉलर फिटले असते, २,५१८.७५ उरले असते आणि वर सुमारे १,६४० व्याज चढलं असतं. म्हणजे ६८० भरूनही देणं ४,१५८, मूळ खरेदीपेक्षा साडेनऊशेहून जास्त. ऑटोपेच्या पडद्यावर पर्याय तीन असतात: किमान रक्कम, स्टेटमेंटची पूर्ण बाकी, ठरावीक रक्कम. अनेकांचं बोट पहिल्या पर्यायावर जातं.

त्याच कार्डावर दुसरी खरेदी

या जोडप्याने हे केलं नाही. ज्यांनी केलं त्यांचं गणित जास्त बिघडतं, म्हणून थोडं सविस्तर. समजा ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कार्डावर ३२० डॉलरचे हेडफोन घेतले, योजनेशिवाय, नेहमीच्या २९.९९ टक्क्यांवर. ऑटोपे १७७.७१ चाच चालू आहे. आता पैसे कुठे जातात?

२००९ च्या कार्ड अ‍ॅक्टप्रमाणे (अमेरिकेचा क्रेडिट कार्डांविषयीचा कायदा) किमान रकमेच्या वर जे भराल ते सर्वांत जास्त दराच्या बाकीकडे आधी जातं. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे. पण टांगणीच्या बाकीचा चालू दर शून्य धरला जातो, त्यामुळे वरचे १३७.७१ हेडफोनकडे वळतात. किमान ४० डॉलर कुठे टाकायचे हे बँक ठरवते, आणि ते बहुधा कमी दराच्या बाकीत जातात. हेडफोन फिटेपर्यंत टीव्हीच्या बाकीत महिन्याला ४० डॉलरच जमा होतात. मुदतीअखेर टीव्हीची बाकी १७७ च्या ऐवजी पाचशेच्या पुढे राहते आणि माणूस म्हणतो, मी तर बरोबर भरत होतो.

मुदतीच्या शेवटच्या दोन बिलिंग चक्रांत हा क्रम उलटतो: किमान रकमेच्या वरचं सगळं टांगणीच्या बाकीकडे आधी जातं. मागचं भरून काढायची संधी तिथेच असते, पण त्यासाठी रक्कम वाढवावी लागते. १७७.७१ चाच ऑटोपे चालू ठेवून ती मिळत नाही.

उशिराचा दंडही हेच करतो, छोट्या प्रमाणात. एखादा महिना चुकला, ३०-४० डॉलर दंड लागला आणि ऑटोपे तसाच ठेवला, की पुढच्या भरण्यातले तेवढे डॉलर दंड खातो. शेवटी टीव्हीच्या बाकीत तेवढीच तूट उरते, आणि योजना मोडायला ती पुरेशी असते. एका उशिराने योजना लगेच रद्द होत नाही. बँकेला ती मुदतीआधी काढून घ्यायची असेल तर थकबाकी ६० दिवसांहून जास्त असावी लागते.

तेव्हा टांगणीच्या कार्डावर दुसरं काही घेऊ नये. योजनेची खरेदी झाल्यावर कार्ड पाकिटात नव्हे, कपाटात.

बरोबर रचना

महिन्यांनी भागू नये. मुदत संपण्याच्या तारखेआधी भरण्याच्या तारखा किती येतात त्या मोजाव्यात, त्यातून एक वजा करावी आणि त्या आकड्याने भागावं. इथे तारखा १७, वजा १ म्हणजे १६. ३,१९८.७५ भागिले १६ म्हणजे १९९.९२, सरळ २०० डॉलर. शेवटचा भरणा २८ मार्च २०२५ ला होतो, मुदतीला आठ आठवडे हातात ठेवून. १७७.७१ आणि २०० यातला फरक महिन्याला २२ डॉलर २९ सेंट. १,०३९ डॉलर वाचवायला एवढाच पुरला असता.

मुदतीची तारीख पावतीवरून न घेता पहिल्या स्टेटमेंटवरून घ्यावी. खरेदीची तारीख आणि खात्यावर चढल्याची तारीख यांत, विशेषतः ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंत, फरक पडू शकतो. ती तारीख फोनच्या कॅलेंडरवर एक महिना आधी टाकावी. सहा महिन्यांनी एकदा चौकटीतली योजनेची बाकी आणि आपल्या वहीतला आकडा जुळतो का पाहावं. जुळत नसेल तर दंड, कार्डावर नकळत लागलेला विमा किंवा दुसरी खरेदी, यांपैकी काहीतरी मध्ये बसलेलं असतं.

आता एक प्रश्न जो दुकानात कोणी विचारत नाही: ही योजना बिनचूक पार पाडली तरी फायदा किती? दुकानांच्या कार्डांवर बहुधा दोनांतून एकच मिळतं, पाच टक्के परतावा किंवा ही योजना. ३,००० च्या खरेदीवर परतावा १५० डॉलरचा. योजनेमुळे पैसे आपल्याकडे राहिले, या खात्यात सरासरी १,७१३ डॉलर दीड वर्ष. ते ४.२५ टक्क्यांच्या बचत खात्यात ठेवले असते तर व्याज मिळालं असतं १०९, त्यावर वर आयकर. म्हणजे रोख पैसे असणाऱ्याने परतावा घेऊन महिनाअखेर कार्ड फेडणं फायद्याचं होतं. परतावा दुकानातच वापरायच्या कुपनाच्या रूपात येतो हे खरं, पण गणित बदलण्याइतकं ते मोठं नाही.

ज्याच्याकडे रोख नाही त्याला पर्याय आहेत. काही दुकानं ‘समान मासिक हप्ते, शून्य टक्के’ अशी योजना देतात आणि तीत मागचं व्याज नसतं. अ‍ॅपलच्या वस्तूंवर अ‍ॅपल कार्डाचे मासिक हप्ते त्याच जातीचे. अगदी बँकेचं १२ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज १८ महिन्यांसाठी घेतलं असतं तरी हप्ता १९५ आणि एकूण व्याज ३१२ डॉलर झालं असतं. फसलेल्या फुकटच्या योजनेच्या एक तृतीयांशाहून कमी.

आणि ३,५०० च्या मर्यादेत ३,१९८ वापरलेले, म्हणजे ९१ टक्के. पुढच्या काही महिन्यांत गाडीचं किंवा घराचं कर्ज घ्यायचं असेल तर क्रेडिट स्कोअरवर हे दिसतं, मग व्याज लागो वा न लागो.

लागल्यावर काय करायचं

या प्रकरणात जून २०२५ चं स्टेटमेंट पाहिल्यावर नवऱ्याने त्याच दिवशी फोन केला आणि योजनेवरूनच वाद घातला: जाहिरात फसवी आहे, तारीख लपवली. तो वाद टिकत नाही, कारण तारीख प्रत्येक स्टेटमेंटवर छापलेली असते. कायद्याने चुकीच्या बिलावर स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करता येते, पण ती खऱ्या चुकीसाठी: भरलेले पैसे जमा न होणं, शेवटच्या दोन चक्रांत पैसे भलत्या बाकीत जाणं. इथे तशी चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी बायकोने कार्डाच्या साइटवरच्या सुरक्षित संदेशातून लिहिलं. वाद नाही, विनंती. चार ओळी: १७ भरणे, सगळे वेळेवर, मुदत संपताना बाकी १७७.६८, ती २८ मे रोजी पूर्ण फेडली, मुदतीनंतर चार दिवसांनी, सद्भावना म्हणून एकदाच हे व्याज परत करावं. लेखी आणि आकड्यांसह विनंती वरच्या माणसापर्यंत जाते, फोनवरच्या पहिल्या माणसाला तेवढे अधिकार बहुधा नसतात. बँकेवर बंधन काहीच नाही. या प्रकरणात निम्मी रक्कम परत आली.

न आल्यास सीएफपीबीकडे, म्हणजे अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. कंपन्या साधारण १५ दिवसांत उत्तर देतात, गुंतागुंत असेल तर ६० दिवसांपर्यंत. ही संस्था या योजनांवर बऱ्याच काळापासून बोलते आहे. दवाखान्यांत दिल्या जाणाऱ्या केअरक्रेडिट कार्डाबाबत तिने डिसेंबर २०१३ मध्ये ग्राहकांना ३ कोटी ४१ लाख डॉलरपर्यंत परत द्यायचा आदेश दिला होता, कारण लोकांना योजना बिनव्याजी कर्ज म्हणून समजावली गेली होती. २०१७ मध्ये तिने कार्ड कंपन्यांना पत्रं पाठवून सोप्या, पारदर्शक योजनांकडे वळा असं सुचवलं. बंदी मात्र आली नाही, योजना आजही चालू आहेत.

उत्तराची वाट पाहताना खात्यावर चढलेलं व्याज तसंच ठेवू नये. त्यावर आता २९.९९ टक्क्यांनी रोज व्याज धावतं. १,०३९ वर दिवसाला ८५ सेंट. आधी भरून टाकावं, परतावा मंजूर झाला तर तो खात्यात जमा होतोच आणि जास्तीची रक्कम मागून घेता येते. बाकी शून्य दिसल्यावरही खातं लगेच बंद करू नये. स्टेटमेंटची तारीख आणि आपण पैसे भरले ती तारीख यांमधल्या दिवसांचं व्याज पुढच्या स्टेटमेंटवर येतं, पाच-दहा डॉलरचं. ते भरायचं राहिलं तर त्यावर दंड लागतो. पुढचं एक कोरं स्टेटमेंट हातात येऊ द्यावं, मग कार्ड बंद करायचं की ठेवायचं ते ठरवावं.